महाधमनीच्या टोकाशी शून्य दाब चालत नाही

सिमेंटच्या पाइपातलं पाणी संगणकावर वाहवताना बाहेरच्या टोकाला दाब शून्य दिला की काम भागतं. न दबणाऱ्या द्रवाच्या समीकरणात दाबाचा फक्त फरक येतो. टोकाला शून्य धरा नाहीतर शंभर, प्रवाह तोच. ही सवय महाधमनीपर्यंत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत, नेली की गणित बिघडतं, कारण तिची भिंत लवचीक आहे आणि भिंतीला आतला अख्खा दाब सोसावा लागतो. ८० ते १२० (मिलिमीटर पारा) हा रक्तदाब म्हणजे सुमारे १०,७०० ते १६,००० पास्कल. टोकाला शून्य ठेवलं तर भिंत जवळजवळ ताणलीच जात नाही.

लाटेचा घोळ याहून मोठा. तरुण महाधमनीत दाबाची लाट सेकंदाला साधारण ५ मीटर धावते, म्हणजे २० सेंटिमीटरचं मॉडेल ०.०४ सेकंदात पार. टोकाचा दाब एका आकड्यावर खिळवलेला असेल तर लाट तिथून उलटी होऊन परत फिरते. ०.८ सेकंदाच्या एका ठोक्यात अशा दहा फेऱ्या! आलेखावर उमटणारे ते दाते हृदयाचे नसतात, आपण दिलेल्या अटीचे असतात.

म्हणून टोकाला पुढच्या शरीराचं वागणंच जोडावं. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या ‘विंडकेसेल’चं, म्हणजे पंपावरच्या हवेच्या भांड्याचं, तीन घटकांचं रूप आज वापरतात: जवळचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा), साठवण (वाहिन्या फुगून रक्त धरून ठेवतात ती), दूरचा रोध. एकूण रोध कागदावर निघतो. सरासरी दाब १२,४०० पास्कल, प्रवाह मिनिटाला ५ लिटर. भागाकार सुमारे १५ कोटी पास्कल-सेकंद प्रति घनमीटर. जवळचा रोध लाटेच्या वेगावरून बेतायचा, म्हणजे ती बरीचशी निघून जाते. साठवणीतला दाब सुरुवातीलाच ८० च्या आसपास भरावा, नाहीतर स्थिरावण्यातच कित्येक ठोके वाया जातात.

सीटी स्कॅनमधली धमनी आधीच दाबाने फुगलेली असते, हे हमखास विसरलं जातं. त्याच आकारावर पुन्हा ८० चा दाब चढवला तर ती दुसऱ्यांदा फुगते. स्कॅनच्या वेळचा ताण भिंतीत आधी भरून घ्यावा, मगच ठोका सुरू करावा.

भिंतीच्या कापलेल्या कडा लांबीच्या दिशेने धराव्यात, रुंदावायला मात्र मोकळ्या ठेवाव्यात. सगळीकडून आवळल्या तर तिथे खोटा ताण साठतो. कडेपासून दोनेक व्यास आतले आकडेच वाचावेत, तेही लागोपाठच्या दोन ठोक्यांचे आलेख एकमेकांवर बसल्यानंतर.