बर्फ तुटल्यावर समुद्राच्या तळाशी आधी कोण पोचणार? अंटार्क्टिकातल्या एका नियमाची पार्श्वभूमी

जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या लार्सन सी आईस शेल्फपासून ए-६८ नावाचा हिमनग सुटला. आईस शेल्फ म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणारा जाडच्या जाड बर्फ. हिमनग साधारण ५,८०० चौरस किलोमीटरचा, अख्ख्या गोव्याच्या दीडपटीहून मोठा, त्यामुळे बातम्या सगळ्या त्याच्याच झाल्या. पण तो सरकला आणि हजारो वर्षं अंधारात असलेला समुद्राचा तळ उघडा पडला, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की तोपर्यंत त्या तळासाठी नियम तयार होता, आधी अभ्यास आणि मासेमारी नंतर असा, जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी केलेला.

एरवी तिकडे नुकसान आधी आणि नियम मागून असंच होत आलंय. अंटार्क्टिकाकडच्या साउथ जॉर्जिया बेटाजवळ सोव्हिएत ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं ओढत मासे पकडणारी जहाजं, उतरले आणि १९६९-७० च्या एका हंगामात मार्बल्ड रॉककॉड जातीचा सुमारे ४ लाख टन मासा काढला, दोन वर्षांत मासा संपल्यातच जमा. अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांच्या रक्षणाचा करार (सीसीएएमएलआर) झाला तो १९८० मध्ये आणि लागू झाला १९८२ मध्ये.

आणि फक्त मासेमारीवाल्यांना बोलून चालणार नाही, संशोधन केंद्रांनीही कमी घाण केली नाही. अमेरिकेचं मॅकमर्डो स्टेशन १९५६ पासून आहे, तिथे कितीतरी वर्षं कचरा आणि भंगार समुद्रावरच्या बर्फावर नेऊन ठेवायचे, उन्हाळ्यात बर्फ वितळला की सगळं आपोआप खाली. तिथल्या विंटर क्वार्टर्स बे या खाडीच्या तळाच्या गाळात तेल आणि पीसीबीसारखी विषारी रसायनं सापडली त्यात याचाही वाटा. विज्ञानासाठी गेलेल्या लोकांनी हे केलं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने त्या खंडाला शांततेसाठी आणि विज्ञानासाठी ठेवलं होतं. संशोधनाआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायचं हे बंधन १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने घातलं, आणि तो लागू व्हायला १९९८ उजाडलं.

आता तळावर एवढं जपायला आहे तरी काय? स्पंज, थंड पाण्यातले प्रवाळ, समुद्री पंखे. त्यातले काचेचे स्पंज म्हणजे सिलिकाचा सांगाडा असलेले जीव, त्यांच्या आत-बाहेर बाकीचे कितीतरी जीव राहतात. हे फार हळू वाढतात असंच सगळे धरून चालले होते, मॅकमर्डोला शास्त्रज्ञ पॉल डेटन यांनी १९६० च्या दशकापासून पाण्यात उतरून पाहिलं तेव्हाही बरीच वर्षं काही मोठे स्पंज वाढताना दिसलेच नाहीत. पण लार्सन सीच्या उत्तरेचं लार्सन ए हे आईस शेल्फ १९९५ मध्ये कोसळलं होतं, तिथे २००७ आणि २०११ अशी दोनदा तपासणी झाली तर चार वर्षांत काचेच्या स्पंजांची संख्या तिपटीच्या आसपास गेलेली. म्हणजे बर्फ गेल्यावर तळ पटकन बदलतो, आणि पहिल्याच वर्षी कोणी तळावरून जाळं ओढलं तर आधी तिथे काय होतं हे कायमचं कळणार नाही.

म्हणूनच ऑक्टोबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला सीसीएएमएलआरच्या सदस्य देशांच्या बैठकीत ठरलं की अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या भागात आईस शेल्फ तुटून जे पाणी उघडं होईल ते आधी अभ्यासासाठी राखायचं, सुरुवातीला दोन वर्षं आणि मग ठरवून दहा वर्षांपर्यंत. त्या काळात मासेमारी करायची ती फक्त संशोधनापुरती. त्याच बैठकीत १५.५ लाख चौरस किलोमीटरच्या रॉस समुद्र संरक्षित क्षेत्राचाही निर्णय झाला, त्यामुळे हा छोटा नियम मागे पडला. लार्सन सीजवळचा हा उघडा तळ बघायला २०१८ मध्ये ब्रिटिश जहाज निघालंही होतं, पण समुद्रावरच्या जाड बर्फामुळे त्याला परत फिरावं लागलं.

राहिला प्रश्न शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या जाळ्यांचा. नमुना हवा म्हणून पूर्वी तेही ट्रॉल, म्हणजे ओढायचं जाळं, तळावरून ओढायचे आणि अजूनही गरजेला ओढतात, नमुन्याशिवाय जात ओळखणं अवघड हेही खरंय. पण माझं मत विचाराल तर आधी कॅमेरा आणि मग गरज पडली तरच जाळं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात पोलारस्टर्न या जर्मन जहाजाने तळाच्या जरा वरून कॅमेरा ओढत नेला आणि खाली आइसफिश या थंड पाण्यातल्या माशाची घरटीच घरटी दिसली, अंदाजे २४० चौरस किलोमीटरवर ६ कोटी, आणि बऱ्याच घरट्यांत अंडी राखत बसलेला मासा. तिथे ट्रॉल ओढलं असतं तर घरट्यांच्या जागी नुसता गाळ आणि मेलेले मासे वर आले असते.

वेडेल समुद्राला संरक्षण द्यायचा प्रस्ताव २०१६ पासून टेबलावर आहे, २०२१ मध्ये भारतानेही पाठिंबा जाहीर केला. पण सीसीएएमएलआरमध्ये सगळ्या सदस्य देशांची सहमती लागते, एकानेही नाही म्हटलं तरी विषय पुढच्या वर्षावर जातो, आणि हा तसाच जात राहिलाय.