कॉकटेलची पांढरी पावडर: थांबवायची नाही, वाट द्यायची

कॉकटेल, म्हणजे तुरेवाला छोटा पाळीव पोपट, घरात आणला की आठ-पंधरा दिवसांत एकच विचारणा सुरू होते, हे पांढरं काहून पडते हो, पाखराला काही रोग तर नाही नं? टीव्हीचा काळा स्क्रीन, पंख्याची पाती, फ्रीजचा वरचा भाग, जिथं बोट फिरवा तिथं टाल्कम पावडर शिंपडल्यासारखा थर. आणि आपल्याकडे धूळ काही कमी असते का, सोयाबीनचं थ्रेशर लागलं की ती वेगळी, कापूस घरात भरला की त्याची वेगळी, म्हणून पहिले काही दिवस कोणाला पाखरावर संशय पण येत नाही.

तर रोग नाहीये. उलट पावडर पडणं चांगलं. कॉकटेल हा काकाकुव्याच्या खानदानातला, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला पक्षी. या खानदानात अंगावरच्या मोठ्या पिसांच्या खाली एक खास प्रकारची पिसं असतात, त्याला पावडर डाऊन म्हणतात. ही पिसं बाकी पिसांसारखी गळून पडत नाहीत, ती खालून वाढत राहतात आणि वरचं टोक सतत कुस्करून भुगा होत राहते. पाखरू चोचीनं तो भुगा सगळ्या अंगाला फासते, त्यानं पिसं साफ राहतात आणि पाणी अंगावर टिकत नाही. भुगा म्हणजे केराटिन, आपली नखं-केस ज्या जातीच्या प्रोटीनची त्यातलंच. तळ्यावरच्या बगळ्याला पण अशी पिसं असतात, मासोळीचा चिकटपणा काढायला तो हीच पावडर वापरतो. पारवा खिडकीच्या काचेवर आदळला तर पंखासकट पांढरा छाप उमटतो पाहा, ती पण पावडरच.

पिसं बदलायच्या दिवसांत मात्र दुसरी एक गोष्ट पडते. नवीन पीस नळीत गुंडाळून बाहेर येते आणि ती नळी फुटून कोंड्यासारखे पापुद्रे पडतात. ते जाड असतात, डोळ्याला दिसतात, झाडून निघून जातात. त्याचा त्रास नाही. त्रास बारक्याचा.

कारण पावडरचे दाणे साधारण 1 मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असतात. हवा अगदी स्थिर असली तर 10 मायक्रॉनचा कण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरून आठ-दहा मिनिटांत खाली बसतो, 1 मायक्रॉनच्या कणाला मात्र अर्धा दिवस लागतो, आणि स्थिर हवा घरात असते कुठं, वरती पंखा गरगर फिरत असतो. म्हणजे टीव्हीवर जे दिसते ते खाली बसलेलं, जे नाकात जाते ते दिसतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या माळावर हे सगळं वाऱ्यानं उडून जाते, दहा बाय दहाच्या खोलीत ते जाईल कुठं?

म्हणून माझं मत असं की पावडर बंद करायच्या मागे लागूच नये, तिला बाहेर जायची वाट द्यावी. आणि विदर्भात ही वाट कूलर ठरवतो. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलते, ती समोरच्या दार-खिडकीतून निघून जाते. पिंजरा कूलरच्या बाजूला असला तर पाखराच्या अंगावरून निघालेली हवा सगळ्या खाटांवरून फिरून जाते. तोच पिंजरा हवा जिथून बाहेर निघते त्या खिडकीजवळ ठेवला तर पावडर खोलीत यायच्या आधीच बाहेर. झोत सरळ पाखरावर नको आणि उन्हाची झळ पण नको, एवढं पाहायचं. कूलर खोलीच्या आतच मांडला असेल तर तो तीच हवा घोळवत राहतो, मग फायदा काही नाही. पिंजऱ्यासाठी खरी चांगली जागा म्हणजे ओसरी, जाळी लावून घ्या, मांजर आणि साप दोन्हीचा विचार करून.

आंघोळ हा दुसरा मोठा उपाय. आठवड्यातून दोन-तीनदा साध्या पाण्याचा स्प्रे, पाऊस पडल्यासारखा वरून, तोंडावर नाही. ओली पावडर गोळा होऊन ट्रेमध्ये पडते, उडत नाही. मे महिन्यात पाखरू पंख पसरून मजेत भिजते, थंडीत मात्र दुपारी उन्हं असतानाच. साबण, तेल काही नको.

साफसफाईत आपला फडा सगळ्यात वाईट, कोरडा फडा फिरवला की बसलेलं सगळं परत हवेत. ओलं फडकं घ्या. ट्रेमधला पेपर आधी पाण्यानं भिजवा, मग गुंडाळा, कारण वाळलेली विष्ठा पावडरपेक्षा जास्त वाईट. आणि बापा, तोंडाला दुपट्टा बांधून काही होत नाही, उन्हाला तो ठीक आहे, एवढे बारीक कण त्यातून आरपार जातात. एन-95 मास्क लावा. हेपा फिल्टरचा प्युरिफायर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण धरते, पैसे असतील आणि लाइन राहत असेल तर घ्या, पण ओझोन सोडणारा घेऊ नका, पाखराच्या फुप्फुसाला तो चालत नाही.

आता एवढा खटाटोप काहून? काही लोकांच्या शरीराला पिसांमधल्या आणि विष्ठेतल्या प्रोटीनचं वावडं होते आणि फुप्फुसाला सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात त्याला. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होते त्याला कधी पाखराजवळ बसल्यावर चार-आठ तासांनी ताप-खोकला, तर कधी महिनोन्‌महिने नुसता कोरडा खोकला आणि चढ चढताना दम. 2017 साली भारतातल्या 1,084 रुग्णांची एक मोठी नोंद छापून आली, सगळे फुप्फुसाच्या जाळीला इजा झालेले, त्यातल्या 47 टक्क्यांना हाच आजार निघाला. आणि या आजाराच्या लोकांमध्ये जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी होता, ओल्या ताट्यांत, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या पॅडमध्ये, बुरशी वाढते म्हणून. म्हणजे ज्याच्या घरी पाखरू आणि जुन्या ताट्यांचा कूलर दोन्ही आहे त्यानं ताट्या दर हंगामात बदलायच्याच.

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर डॉक्टर आधी टीबी तपासतील, तपासू द्या, ते बरोबरच आहे. पण घरात पाखरू आहे आणि कूलर आहे हे तुम्ही आपल्या तोंडानं सांगा, कारण ओपीडीच्या गर्दीत ते कोणी विचारेलच असं नाही.