सॅनिटायझरवर १८ टक्के का? औषध-जंतुनाशक वादाची पार्श्वभूमी

हाताला चोळायच्या सॅनिटायझरवर जीएसटी १२ टक्के की १८ टक्के, हा वाद जुलै २०२० मध्ये गोव्यातल्या आगाऊ कर-निर्णय प्राधिकरणाच्या (करदात्याने आधीच विचारलेल्या कर-प्रश्नावर निर्णय देणारी संस्था) एका निर्णयामुळे चव्हाट्यावर आला. अर्ज होता एका मद्यार्क उत्पादकाचा. माल त्वचेवर वापरायचा आहे, तेव्हा तो करासाठीच्या वस्तू-वर्गीकरणात औषधांच्या म्हणजे ३००४ या शीर्षकाखाली १२ टक्क्यांत बसतो, असे त्याचे म्हणणे. निर्णय नेमका उलटा लागला. सॅनिटायझर ३८०८ मध्ये, म्हणजे कीटकनाशके आणि फरशीच्या जंतुनाशकांच्या पंगतीत गेले आणि दर १८ टक्के ठरला. केंद्राने मार्चमध्येच त्याला जीवनावश्यक वस्तू ठरवले होते. पण जीवनावश्यक असणे हा करमाफीचा निकष नव्हे, असेही सांगण्यात आले.

असा निर्णय फक्त अर्जदार आणि त्याच्या संबंधित कर अधिकाऱ्यांपुरता बंधनकारक असतो. मात्र काही दिवसांतच केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा खुलासा आला आणि तीच भूमिका देशभरासाठी पक्की झाली. त्यात दोन मुद्दे होते. साबण, जंतुनाशक द्रव वगैरे सगळ्यांवर तेव्हा १८ टक्केच होता, हा पहिला. दुसरा अधिक वजनदार: सॅनिटायझरसाठी लागणारी रसायने, बाटल्या, सेवा यांवरही १८ टक्के कर असल्याने तयार मालावरचा दर उतरवला तर कच्च्या मालावरचा कर जास्त आणि पक्क्यावरचा कमी असे उलटे चित्र होईल आणि फायदा आयात मालाला मिळेल. हिशेब म्हणून हे पटण्यासारखे आहे. पण तो दराविषयीचा युक्तिवाद झाला. वस्तू औषध आहे की नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

वैद्यकात हा प्रश्न फारसा अवघड नाही. अँटिसेप्टिक म्हणजे जिवंत त्वचेला, जखमेला सोसेल असे जंतुरोधक. डिसइन्फेक्टंट फरशी, खाट, उपकरणे अशा निर्जीव पृष्ठभागांसाठी. रसायन कधीकधी एकच असते, तीव्रता वेगळी. इतिहासही त्वचेपासूनच सुरू होतो. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १८६५ मध्ये ग्लासगोत गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरले गेले. टिंचर आयोडीनही जखमांसाठी वापरले जाई. विसाव्या शतकाच्या मध्यावर आले क्लोरहेक्सिडीन आणि पोव्हिडोन आयोडीन.

अल्कोहोलचे वैशिष्ट्य असे की ते ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान उत्तम काम करते. जंतूंच्या प्रथिनांची रचना मोडायला पाणीही लागते, म्हणून शुद्ध मद्यार्क उलट कमी पडतो. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर साबण-पाणीच हवे, आणि काही जिवाणूंच्या बीजाणूंपुढे अल्कोहोल हतबल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयांसाठी ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, सोबत थोडे ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असे मिश्रण सुचवलेले आहे. मार्च २०२० नंतर साखर कारखान्यांच्या आसवन्या (डिस्टिलरी) सॅनिटायझरकडे वळल्या, त्यात महाराष्ट्रातल्याही होत्या.

या आसवन्यांना उत्पादनासाठी परवाना लागत होता तो औषध कायद्याखालचा. म्हणजे परवाना देताना औषध आणि कर घेताना जंतुनाशक. उत्पादकांचा राग समजण्यासारखा होता, जरी तो सगळा शास्त्रप्रेमातून आला नव्हता. जूनअखेरपर्यंत २०० मिलिलिटरला १०० रुपये अशी किमतीची मर्यादा होती. त्या किमतीत १२ आणि १८ टक्क्यांमधला फरक जेमतेम साडेचार रुपये, आणि तो ग्राहकावर टाकता येत नव्हता.

जुलै २०२० च्या अखेरीस विक्रीसाठीच्या परवान्याची अट काढली गेली आणि सॅनिटायझर कुठल्याही दुकानात ठेवता येऊ लागले. उत्पादनाचा परवाना मात्र कायम राहिला. ही मोकळीक पुरवठ्यासाठी गरजेची होती. तरी पुढे एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली, तेव्हा त्या मोकळिकीची दुसरी बाजूही दिसली.

दराचा प्रश्न कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पुन्हा वर आला. मंत्र्यांच्या गटाच्या शिफारशींनंतर जीएसटी परिषदेच्या १२ जून २०२१ च्या बैठकीत सॅनिटायझरवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणण्यात आला. मात्र त्या अधिसूचनेतही ते ३८०८ खालीच राहिले. सवलतीची मुदत ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत होती. ती संपताच दर पुन्हा १८ टक्क्यांवर गेला.