माजी सैनिकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांनी अर्ज कुठे करावा, कागद कोणते लागतात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मिल्ट्रीतून पेन्शन आलेले फौजी गावोगावी आहेत. त्यांच्या मुलांसाठी सरकारचे पैसे आहेत, पण अनेक पात्र घरांपर्यंत ते पोहोचत नाहीत. बहुतेक वेळा अर्ज अडतो तो वडिलांच्या डिस्चार्ज बुकातल्या, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवापुस्तिकेतल्या, कुटुंबाच्या पानावर. म्हणून योजनांची नावे वाचण्याआधी ते पान उघडा.

त्या पानावर मुलांची नावे आणि जन्मतारखा असतात. जवानाने युनिटच्या क्लार्कला घरातले हाकेचे नाव सांगितलेले असते, शाळेत मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख टाकलेली असते, आणि आधारवर तिसरेच काही छापलेले असते. त्यात आपल्याकडे आणखी एक भर पडते. कर्नाटकच्या दहावीच्या गुणपत्रकावर नावापुढे नुसती आद्याक्षरे असतात, तर फौजेतल्या नोंदीत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे पूर्ण लिहिलेले असते. ‘ओंकार एम. पाटील’ आणि ‘ओमकार मारुती पाटील’ हा एकच मुलगा आहे हे तुम्हाला माहीत असते, पण अर्ज तपासणारा समोरच्या कागदावरच विश्वास ठेवणार.

जन्मदाखला आणि दहावीचे गुणपत्रक जुळत असेल, तर वडिलांच्या नोंदीत दुरुस्ती करून घेणे सोयीचे. त्यासाठी आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, ही आपली मोठी सोय. दुसऱ्या रेजिमेंटचे असाल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून तिकडे कागद पाठवा. नोंद झाली की तिचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा लेखी आदेश, निघतो. त्याची प्रत जपून ठेवा. ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर कुटुंबाची माहिती बरोबर आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या. या कामाला महिने लागतात, म्हणून मूल अकरावीत असतानाच ते हाती घ्यावे.

आता मुख्य योजना, पंतप्रधान शिष्यवृत्ती. केंद्रीय सैनिक बोर्ड ती २००६-०७ पासून चालवते. इंजिनिअरिंग, एमबीबीएस, बीडीएस, पशुवैद्यक, फार्मसी, बीएड, बीबीए, बीसीए अशा मान्यताप्राप्त व्यावसायिक पदव्यांना ती मिळते. पदव्युत्तरपैकी फक्त एमबीए आणि एमसीएला. मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,००० आणि ३०,०००. देशभरात दरवर्षी ५,५०० जणांची निवड होते, त्यात निम्म्या मुली. माजी सैनिकाची विधवा पत्नी स्वतः शिकत असेल तर तीही अर्ज करू शकते. तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांची कुटुंबेही यात येतात. सेवेत असलेल्या जवानाच्या मुलाला मात्र ती नाही.

प्रवेशाच्या किमान पात्रतेत, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत सेकंड पीयूसीला (बारावीला), ६० टक्के गुण हवेत. पण साठ टक्के मिळाले म्हणजे निवड झाली असे समजू नका. युद्धात वीरमरण आलेल्यांची कुटुंबे, जखमी होऊन अपंगत्व आलेले, सेवेत असताना मृत्यू झालेले आणि शौर्यपदकविजेते यांचे गट आधी लागतात. अधिकारी हुद्द्याखालच्या इतर माजी सैनिकांची मुले शेवटच्या गटात येतात आणि तिथे गुणांवर चढाओढ असते. तरीही अर्ज कराच.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, आणि पदवीच्या पहिल्या वर्षातच. दुसऱ्या वर्षी आठवण होऊन उपयोग नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना तेवढी सवलत आहे. दहावी-बारावीची गुणपत्रके, डिस्चार्ज बुक किंवा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, मुलाच्या स्वतःच्या नावावरचे आधार जोडलेले बँक खाते आणि फोटो लागतात. शिवाय तीन ठरलेले नमुने आहेत : माजी सैनिक असल्याचा जिल्हा सैनिक कार्यालयाचा दाखला, कॉलेजच्या प्रमुखांच्या सहीशिक्क्याचे बोनाफाइड आणि बँकेचा दाखला. हे नमुने संकेतस्थळावरूनच घ्या. कॉलेजच्या नेहमीच्या बोनाफाइडवर काम होत नाही, आणि मुले नेमकी इथेच फसतात. अर्ज जिल्हा कार्यालयातून बंगळूरला आणि तिथून दिल्लीला जातो. मध्येच त्रुटी काढून परतही येतो, त्यामुळे पाठवून झाल्यावरही लॉगिन करून पाहत राहा. निवड झाल्यावर दरवर्षी सगळ्या विषयांत पास होऊन किमान ५० टक्के राखले, तरच पुढच्या वर्षाचे पैसे येतात.

बीए, बीकॉम, साधी बीएससी यांना ही शिष्यवृत्ती नाही. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या मुलांसाठी मात्र पहिलीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण अनुदान आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ते महिना १,००० ऐवजी २,००० रुपये झाले. जास्तीत जास्त दोन मुलांना मिळते. विधवा पत्नीने दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला तर तिलाही. मूल वर्ग पास झाल्यावर त्या वर्षासाठी अर्ज करायचा. गुणपत्रक, डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचे ओळखपत्र, बँकेचा तपशील आणि राज्य सरकारकडून किंवा नोकरीच्या ठिकाणाहून शिक्षणाचे पैसे घेत नसल्याचे स्वयंघोषणापत्र जोडावे. माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात जास्त घरांना लागू पडणारी योजना हीच.

कोणत्या जिल्ह्याचे कार्यालय, हा प्रश्न सीमेवर नेहमी येतो. मूळ गाव चंदगड किंवा गडहिंग्लजचे, घर बांधले बेळगावात आणि ओळखपत्र कोल्हापूरचे, अशी कुटुंबे खूप आहेत. माजी सैनिकाची नोंदणी जिथे आहे, तिथेच अर्जाची तपासणी होते. कायमचे बेळगावात राहत असाल तर जुन्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र घेऊन नोंदणी इकडे वर्ग करून घ्या. राहण्याच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत जावे लागेल. मुलगी कोल्हापूरच्या कॉलेजात शिकते म्हणून पंतप्रधान शिष्यवृत्ती अडत नाही. कॉलेज मान्यताप्राप्त असले की पुरे.

व्यावसायिक प्रवेशातल्या राखीव जागा ही वेगळी बाब आहे. कर्नाटकच्या सीईटीत माजी सैनिकांच्या मुलांचा वेगळा प्रवर्ग आहे. तो फॉर्म भरतानाच निवडावा लागतो. भरती होताना वडिलांनी कर्नाटकातले गाव मूळ गाव म्हणून लिहिले होते का, हे तिथे पाहिले जाते. दुसरीकडे, ८६५ गावांच्या वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात ‘ई’ प्रकारची उमेदवारी आहे. तिचे दाखले वेगळे असतात. सैनिकाचे कागद आणि सीमाभागाचे कागद एकमेकांच्या जागी चालत नाहीत, दोन फायली करा.

लहान मुलांसाठी बेळगावचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल लक्षात ठेवा. सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षेतून घेतात आणि ७० टक्के जागा जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) व जवानांच्या मुलांना राखीव असतात, माजी सैनिक धरून. विजयपूरच्या सैनिक स्कूलमध्ये जातीनिहाय आरक्षण वगळून उरलेल्या जागांपैकी २५ टक्के जागा आजी-माजी सैनिकांच्या मुलांना आहेत.

बीएसएफ, सीआरपीएफमधून निवृत्त झालेल्यांनी सैनिक बोर्डात खेटे घालू नयेत. त्यांच्या मुलांची पंतप्रधान शिष्यवृत्ती गृहमंत्रालयाची आहे. रक्कम तीच, पण अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा.