आरंभीचे क्वेकर : धार्मिक वाद

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाभोवती पहिल्या चार-पाच दशकांत उठलेले वाद. पंथीय स्वतःला ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र म्हणवीत. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारा. हे नाव चेष्टेतून पडले. १६५० मध्ये डर्बी येथे ईश्वरनिंदेच्या आरोपावरून उभ्या केलेल्या जॉर्ज फॉक्सने (१६२४–९१) न्यायाधीशालाच ‘परमेश्वराच्या वचनापुढे थरथर काप’ असे सुनावले, तेव्हा जर्व्हस बेनेट या न्यायाधीशाने त्याला हे नाव चिकटवले. (ओट्सच्या डब्यामुळे हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले आहे, मात्र त्या कंपनीचा पंथाशी संबंध नाही.)

फॉक्स हा लेस्टरशरमधील एका विणकराचा मुलगा. चांभाराच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली होती. विद्यापीठाचे तोंडही पाहिले नव्हते. प्रत्येक माणसाच्या अंतरी ख्रिस्ताचा प्रकाश असतो, त्याकडे लक्ष दिले की ईश्वर स्वतः बोलतो, मधल्या माणसाची गरज उरत नाही, ही त्याची शिकवण. १६५२ मध्ये उल्व्हर्स्टनच्या चर्चमध्ये त्याने विचारले, ‘ख्रिस्त असे म्हणतो, प्रेषित असे म्हणतात, हे तुम्ही सांगाल; पण तू स्वतः काय सांगू शकतोस?’ ते ऐकून मार्गारेट फेल ही न्यायाधीशाची पत्नी बाकावर बसून रडू लागली. आपण सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द तेवढे उचलले, अनुभव काहीच नाही, असे तिला वाटले. तिचे स्वार्थमूर हॉल हे घर पुढे पंथाचे केंद्र बनले. पुढच्या साऱ्या वादांचे मूळ फॉक्सच्या या एका प्रश्नात आहे. अंतिम अधिकार अंतःप्रकाशाचा असेल, तर बायबलचे स्थान कोणते? आणि दोघांच्या अंतरीचे प्रकाश परस्परविरोधी बोलू लागले, तर निवाडा कोणी करायचा?

पहिल्या प्रश्नावर विरोधकांनी पत्रकांचा पाऊस पाडला. प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची आणखी कडक शुद्धी मागणाऱ्या पक्षाचा, धर्मोपदेशक रिचर्ड बॅक्स्टर याने लेखणी उचलली. विल्यम प्रिन याने तर क्वेकर हे वेषांतर केलेले रोमन कॅथलिक हस्तक असल्याचा शोध लावला. यांत सर्वांत नेमका आक्षेप जॉन बन्यनचा होता. आतल्या ख्रिस्ताचे स्तोम माजवून हे लोक बेथलेहेमात जन्मलेला, क्रुसावर मेलेला ख्रिस्त गमावून बसतात, असे त्याने १६५६ मध्ये लिहिले. एडवर्ड बरो या तरुण क्वेकर प्रचारकाने त्याला लगेच उत्तर दिले. दोघांचीही भाषा आज वाचवत नाही इतकी शिवराळ आहे. गंमत अशी, की १६७२ मध्ये क्वेकरांनी राजाकडून आपल्या कैद्यांसाठी जो माफीचा हुकूम मिळवला, त्यात बन्यनचेही नाव घालण्यात आले. बरो तोवर तुरुंगातच मरण पावला होता. हाच बन्यन पुढे ‘यात्रिकक्रमण’ या भाषांतरातून मराठी वाचकांना परिचित झाला.

सामान्य माणसाला मात्र या तत्त्वचर्चेपेक्षा क्वेकरांचे वागणे झोंबे. ते चर्चला ‘मनोऱ्याचे घर’ म्हणत आणि प्रवचन चालू असताना उठून पाद्र्याला जाब विचारत. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे बाह्य विधी त्यांनी टाकून दिले. धर्मगुरूंच्या पोटासाठी घेतला जाणारा दशांश ते देत नसत. मग शेतातले धान्य आणि गोठ्यातली जनावरे जप्त होत. ‘शपथ वाहूच नका’ या मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचनामुळे ते न्यायालयात शपथ घेत नसत, आणि राजनिष्ठेची शपथ नाकारली की वेगळा आरोप शोधावा लागतच नसे. मोठ्यांपुढे ते टोपी काढत नसत. शिवाय ते सर्वांना एकवचनी संबोधत. आजच्या इंग्रजीत हा भेद उरलेला नसल्याने इंग्रजी वाचकाला त्यातला डंख समजावून सांगावा लागतो. मराठी वाचकाला ‘न्यायाधीशाला अरेतुरे केले’ एवढे म्हटले की पुरे. फॉक्सचा युक्तिवादही आपल्याला पटेल असाच होता : देवाला ‘तू’ म्हणणाऱ्यांना स्वतःला कोणी ‘तू’ म्हटलेले का खपू नये?

स्त्रिया उघडपणे उपदेश करीत, हा आणखी एक रोषाचा विषय. एलिझाबेथ हूटन ही अगदी सुरुवातीच्या उपदेशकांपैकी एक. या प्रथेचे शास्त्राधारे समर्थन करणारी पुस्तिका मार्गारेट फेलने १६६६ मध्ये तुरुंगातून प्रसिद्ध केली. काही जण यशया संदेष्ट्याप्रमाणे ईश्वरी संकेत म्हणून विवस्त्र होऊन रस्त्याने चालले. संख्येने ते थोडे होते, पण विरोधकांच्या पत्रकांना वर्षानुवर्षे तेवढा मजकूर पुरला.

दुसरा प्रश्न, म्हणजे प्रकाशांच्या भांडणात निवाडा कोणाचा हा, जेम्स नेलरच्या प्रकरणात उघडा पडला. नेलर हा यॉर्कशरचा शेतकरी आणि संसदेच्या सैन्यातील जुना शिपाई. वक्तृत्वात तो फॉक्सपेक्षा सरस होता आणि लंडनमध्ये पंथाचा नेता तोच समजला जाई. मार्था सिमन्ड्सच्या भोवतीचे काही अनुयायी त्याला जवळजवळ ख्रिस्ताच्या जागी मानू लागले. डॉर्कस अर्बरी हिने तर त्याने आपल्याला मेलेल्यांतून उठवल्याचे सांगितले. १६५६ मध्ये नेलर एक्झिटरच्या तुरुंगात असताना फॉक्स त्याला भेटला. समेटासाठी नेलरने चुंबन देऊ केले. फॉक्सने आपला पाय पुढे केला.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, भर पावसात, नेलर घोड्यावरून ब्रिस्टल शहरात शिरला. सोबतचे मूठभर लोक चिखल तुडवत ‘पवित्र, पवित्र, पवित्र, सेनाधीश परमेश्वर’ असे गात होते. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची ही नक्कल पाहणाऱ्याला वेगळी सांगावी लागली नाही. हा मान माझा नव्हे, माझ्या अंतरी असलेल्या ख्रिस्ताचा आहे, असे नेलरचे उत्तर होते. क्वेकर तत्त्वात बसणारेच ते उत्तर होते, आणि खरी अडचण तीच होती.

खटला थेट संसदेपुढे चालला. १६५० च्या ईश्वरनिंदाविरोधी कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांची कैद होती. सभासदांना ती अपुरी वाटली. डिसेंबरमध्ये दहाबारा दिवस चर्चा रंगली. देहदंडाचा ठराव ८२ विरुद्ध ९६ मतांनी पडला. त्याऐवजी ३१० फटके, कपाळावर ईश्वरनिंदकाचे अक्षर डागणे, तप्त सळईने जीभ भोसकणे, ब्रिस्टलमध्ये घोड्यावर उलटे बसवून धिंड आणि बेमुदत कैद अशी शिक्षा ठरली व अमलात आली. कोणत्या अधिकाराने ही शिक्षा दिली, असे तेव्हाचा इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याने संसदेला लेखी विचारले. शिक्षा मात्र थांबवली नाही. १६५९ मध्ये सुटल्यावर नेलरने पश्चात्ताप व्यक्त केला आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

फॉक्सने त्याला वेळीच दूर केले, तरी पंथाला बसलेला हादरा खोल होता. मासिक, त्रैमासिक व वार्षिक सभांची उतरंड उभी राहिली आणि एकट्याच्या प्रकाशावर समुदायाचा अंकुश आला. हा अंकुशही सर्वांना मानवला नाही. पोपचे मतपरिवर्तन करायला रोमला गेलेला आणि तिथे वेड्यांच्या कोठडीत पडलेला जॉन पेरट परतल्यावर म्हणू लागला, की प्रार्थनेच्या वेळी टोपी काढणे हासुद्धा पोकळ विधीच. ज्या टोपीसाठी क्वेकरांनी तुरुंग भोगले, तिच्यावरूनच आता घरात भांडण लागले! पुढे विल्किन्सन आणि स्टोरी या दोघांनी स्त्रियांच्या स्वतंत्र सभा व केंद्रीय शिस्त यांविरुद्ध वेगळी चूल मांडली.

सर्वांत क्रूर प्रतिक्रिया उमटली ती मॅसॅच्युसेट्समध्ये, जे प्युरिटन स्वतःच छळाला कंटाळून तिथे गेले होते त्यांच्याकडून. १६५६ मध्ये मेरी फिशर आणि ॲन ऑस्टिन बोस्टनला पोचल्या, तेव्हा त्यांची पुस्तके जाळून, चेटकिणीच्या खुणा शोधण्यासाठी अंग तपासून त्यांना परत धाडले गेले. नंतर आलेल्या काही क्वेकरांचे कान कापले गेले. १६५८ मध्ये हद्दपारीनंतर परतणाऱ्याला फाशी असा कायदा झाला. १६५९ ते १६६१ या काळात विल्यम रॉबिन्सन, मार्माड्यूक स्टीफन्सन, मेरी डायर आणि विल्यम लेड्रा हे चौघे फासावर गेले. डायरला पहिल्या खेपेस, दोन्ही सोबत्यांना फाशी दिल्यावर, वधस्तंभावरून खाली उतरवले होते. काही महिन्यांनी ती आपण होऊन परत आली आणि १ जून १६६० रोजी तिलाही फाशी झाली. दुसऱ्या चार्ल्स राजाने फाशीला मनाई करणारा हुकूम धाडला, तो घेऊन बोस्टनला गेला सॅम्युएल शॅटक, म्हणजे तिथूनच हद्दपार झालेला क्वेकर.

इंग्लंडात १६६२ च्या क्वेकर कायद्याने आणि नंतरच्या सभाबंदी कायद्यांनी हजारो जणांना कैद झाली. विल्यम पेन या क्वेकराने १६६८ मध्ये त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर या सिद्धांताच्या, रूढ मांडणीवर टीका केली आणि टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातील तुरुंगात त्याची रवानगी झाली. रॉबर्ट बार्क्ले याने १६७६ मध्ये लॅटिनमध्ये पंथाचे पहिले पद्धतशीर तत्त्वप्रतिपादन लिहिले. त्यात बायबल हे झऱ्याचे वर्णन आहे, झरा नव्हे, अशी भूमिका आहे. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने सभा कायदेशीर केल्या, पण त्रैक्यावरील श्रद्धा जाहीर करण्याची अट क्वेकरांनाही घातली. शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा १६९६ मध्ये मिळाली.

त्यापूर्वीच पेनने अमेरिकेत वसवलेल्या पेनसिल्व्हेनियात बन्यनचा जुना आक्षेप घरातूनच उठला होता. जॉर्ज कीथ या विद्वान क्वेकराने, आपल्यात ऐतिहासिक ख्रिस्ताचा विसर पडतो आहे, असा आरोप करून १६९२ च्या सुमारास फूट पाडली. त्याची पत्रके छापणाऱ्या विल्यम ब्रॅडफर्डचे मुद्रणसाहित्य जप्त झाले आणि त्याच्यावर खटला भरला गेला. या वेळी न्यायासनावर बसलेले दंडाधिकारी क्वेकर होते. ब्रॅडफर्ड न्यू यॉर्कला निघून गेला. कीथ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, पाद्री झाला आणि १७०२ मध्ये क्वेकरांना परत चर्चमध्ये आणण्यासाठी मिशनरी म्हणून अमेरिकेत उतरला.