जर्मनीचे विद्यापीठ-शिक्षण आणि विदर्भाच्या खेड्यातला विद्यार्थी

जर्मनीतली बहुतेक विद्यापीठे सरकारी आहेत आणि ती त्या त्या राज्याच्या तिजोरीतून चालतात. मधल्या काळात काही राज्यांनी शिक्षणशुल्क लावून पाहिले, पण लोक नाराज झाले आणि एकेका राज्याने ते मागे घेतले. सगळ्यात शेवटी, २०१४ मध्ये, लोअर सॅक्सनीने ते रद्द केले. आज विद्यार्थी सत्राला साधारण १०० ते ३५० युरो वर्गणी भरतो आणि बऱ्याच शहरांत बस-रेल्वेचा पासही त्यातच येतो. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट आता सगळ्यात मोठा आहे. बारावीनंतर थेट प्रवेश सहसा मिळत नसल्याने बहुतेक जण इथे बीई किंवा बीएससी करून एमएससाठी जातात.

बाहेर जाऊन शिकणे विदर्भाला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. ज्यांच्या नावाने नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात, त्या बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून निघालेल्या मुलांनी स्टुटगार्टमधल्या होहेनहाइम विद्यापीठाची गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी. १८१६ साली तिकडे उन्हाळाच आला नाही, पीक बुडाले, लोक उपाशी मेले. त्यानंतर १८१८ मध्ये तिथल्या राजाने शेतीची शाळा काढली आणि तिचेच पुढे हे विद्यापीठ झाले. मात्र ते बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये असल्याने १,५०० युरोंचे शुल्क तिथे लागते.

गावात गाडी अडते ती ‘ब्लॉक्ड अकाउंट’वर, म्हणजे बंद खात्यावर. व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच जर्मन नियमांप्रमाणे बंद खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. “फी नाही म्हनतं, त मंग बारा लाख कायचे?” हा बापाचा प्रश्न अगदी रास्त आहे. पैसे विद्यापीठाला जात नाहीत, ते पोराचेच राहतात. पण ते आधी उभे करावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला आणि २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, क्विंटलला ७,५२१ रुपये, लावला तर हा १५८ क्विंटल कापूस होतो. कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल पिकले तर खर्च न काढताच जवळपास तीस एकरांचा माल. ज्याच्याकडे पाच एकर आहे, त्याच्यासाठी ही सहा वर्षांची पऱ्हाटी आहे.

मग कर्ज. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. सातबारा कितीही चोख असो, मॅनेजर फ्लॅट किंवा एनए प्लॉट विचारतो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. तोही पुष्कळदा पुरत नाही. सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांना शिक्षणासह राहण्याचाही खर्च देते. पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वर असावे लागते. जर्मनीची उपयोजित विज्ञानाची विद्यापीठे, जिथे कारखान्याशी जोडून शिकवतात आणि जी आपल्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांना सगळ्यात सोयीची, ती त्या क्रमवारीत सहसा नसतात. हा नियम बदलायला हवा.

कागदांचेही तसेच. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना विद्यार्थी-व्हिसासाठी एपीएस, म्हणजे कागदपत्रे खरी असल्याचे, प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यात मार्कशीट आणि पदवी तपासली जाते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे, कुठे नाही; तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकच्या फाइलमधून एकेक कागद काढून हे ताडून पाहणारे बापलेक उन्हाळ्यात हमखास दिसतात. गुणांचा हिशेबही उलटा आहे: तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. दहापैकी साडेसात सीजीपीए आणि उत्तीर्णतेसाठी ४ असेल, तर तो आकडा २.२५ होतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र महिन्यांची आहे. हिवाळी सत्र ऑक्टोबरला लागते, बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत १५ जुलै असते आणि बंद खात्याची तजवीज जून ते ऑगस्टमध्ये करावी लागते. नेमके तेव्हाच घरातला शेवटचा रुपया बियाणे, खत आणि डवरणीच्या मजुरीत गेलेला असतो. कापसाचा चुकारा हाती येतो तो डिसेंबर-जानेवारीत. म्हणून एप्रिलच्या उन्हाळी सत्राकडेही बघावे. त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जानेवारी असते. अभ्यासक्रम कमी निघतात, पण एपीएस आधीच करून ठेवले असेल तर जिनिंगवरून आलेला पैसा आणि बँकेचे कर्ज मिळून खाते वेळेत भरता येते.