बुशके-लोव्हेनस्टाइन अर्बुद

गुदद्वाराभोवती किंवा जननेंद्रियांवर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढणारी दुर्मीळ विषाणूजन्य गाठ. मानवी पॅपिलोमा विषाणूचे (एचपीव्ही) ६ आणि ११ हे प्रकार तिच्या मुळाशी असतात. गुप्तांगावरचे साधे चामखीळही याच विषाणूंमुळे उठतात. पण ही गाठ मंदगतीने वाढत आजूबाजूच्या ऊतींत खोल घुसते. आब्राहाम बुशके आणि लुडविग लोव्हेनस्टाइन या जर्मन वैद्यांनी १९२५ मध्ये तिचे वर्णन केले.

खाज, स्राव, दुर्गंधी, रक्त, बसताना टोचणे ही तिची लक्षणे. रुग्ण त्यांना ‘मोड’ समजून मूळव्याधीची औषधे घेत राहतो आणि मोलाचा काळ हातचा जातो. अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य, ही म्हण गोव्यासारख्या घरोब्याच्या प्रदेशात शब्दशः खरी ठरते, कारण गावचा डॉक्टर बहुधा ओळखीचाच असतो. त्यात लैंगिक संसर्गाचा डाग लागण्याची धास्ती. १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या पर्रा गावच्या तरुणाला एचआयव्ही आढळला म्हणून तेव्हाच्या कायद्याखाली ६४ दिवस डांबले होते. अशा वागणुकीने माणसे दुखणे लपवायलाच शिकतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावली की या गाठीचा धोका वाढतो, म्हणून ती चाचणीही करतात.

निदानाचा कणा म्हणजे बायोप्सी, गाठीचा तुकडा काढून तपासणे. वरवरचा एकच तुकडा फसवतो. या गाठीत कर्करोग सुरू झाला असेल, तर त्याचे केंद्र तळाशी दडलेले असू शकते, त्यामुळे वेगवेगळ्या जागांहून खोल तुकडे घ्यावे लागतात. गाठ गुदाच्या स्नायूंपर्यंत पोहोचली आहे का, हे एमआरआयवर कळते. गोव्यात अशा तपासणीसाठी रुग्ण बांबोळीच्या ‘गोमेकॉ’त, म्हणजे १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेचा वारसा असलेल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात.

लेपांनी ही गाठ सहसा जात नाही. भोवतालच्या निरोगी कातडीसह ती पूर्ण कापून काढणे हाच मुख्य उपचार. जखम मोठी असल्यास त्वचारोपण करतात, कधी काही काळ पोटावरून शौचमार्ग काढतात. गाठ अनेकदा पुन्हा उगवते, म्हणून वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते. कर्करोग झालाच, तर १९७४ मध्ये नॉर्मन निग्रो यांनी मांडलेली केमोथेरपी-रेडिएशनची जोड उपयोगी पडते. तिच्यामुळे अनेकांचे गुदद्वार वाचते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ लस एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. ती संसर्गाआधी, किशोरवयात घेतलेली उत्तम; झालेली गाठ लशीने विरत नाही.